जॉबर येतोय

"मीठ नाय! अगो, मीठ नाय हा ह्याच्यात! इसारलंस काय?"

सासरे ओरडत होते. ताट त्यांच्या पुढ्यात. त्यांच्यापासून हातभर अंतरावर मी, कानाला हेडफोन, तोंडावर नोकरीतलं हसू, आणि लाईनवर नागपूरकडचे एक काका, ज्यांचं हॉस्पिटलचं बिल विमा कंपनीत अडकून पडलं होतं. मी त्यांना ठरलेलं वाक्य ऐकवत होते, "सर, आपली अडचण मी समजू शकते." काका फार समजुतीने म्हणाले, "मॅडम, माझं राहू द्या. आधी त्यांना मीठ द्या जी."

मी एका विमा कंपनीच्या मदत-लाईनवर मराठी कॉल घेते. लॉकडाऊन लागला तसा ऑफिसने लॅपटॉप आणि हेडफोन हातात देऊन आम्हाला घरी पाठवलं. सूचना एकच होती, शांत आणि बंद खोलीत बसून काम करा. बंद खोली! आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत आमच्याकडे खोली एकच, आणि ती दिवसाउजेडी कधी बंद झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. दार आहे, पण त्याचा उपयोग टॉवेल वाळत घालायला. त्या एका खोलीत सासू, सासरे, नवरा, तिसरीतली मुलगी आणि मी. नवरा मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात होता. हॉटेलला कुलूप लागलं आणि तो घरी आला तो मुक्कामालाच. ज्याने परदेशी पाहुण्यांना जेवू घातलं त्याला त्याची आई कोथिंबीर निवडायला बसवायची, कारण चूल तिची. त्याचा पगार थांबला होता. घरात चालू असलेली नोकरी एकच उरली होती, माझी.

आता सासऱ्यांच्या आवाजाबद्दल सांगते, आणि एक अक्षर वाढवून सांगत नाही. ते डिलाईल रोडवर शिंकले की चिंचपोकळी स्टेशनावरची कबुतरं उठतात. त्यांनी कोणाच्या कानात गुपित सांगितलं तर ते वरळीच्या बीडीडी चाळीत पोचतं आणि तिथून त्याला उत्तर येतं. माझ्या लग्नात त्यांनी भटजींच्या जोडीने एकदाच 'सावधान' म्हटलं, तर शेजारच्या हॉलमधल्या जोडप्याने घाबरून एकमेकांना हार घातले. त्या जोडप्याला आता दोन मुलं आहेत असं ऐकते. म्हणजे सुखी असावेत.

माणूस रागीट नव्हता, उलट फार मायेचा. फक्त तरुणपण साचेखात्यात गेलं होतं. साचा म्हणजे माग. शेकडो साचे एका छपराखाली एकदम ठोकायला लागले की माणसाचा कान हळूहळू राजीनामा देतो. सासऱ्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नसे, म्हणून तो आपल्याला येईपर्यंत ते वाढवत नेत. मी फणसवाडीची. आमच्या तिकडे लोक भांडायचं झालं तरी आधी खिडकी लावून घेतात. नवी नवरी म्हणून आले तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं, घरात रोज आग लागते आहे. पुढे कळलं की ते चहा मागताहेत.

माझं ऑफिस लोअर परळला ज्या काचेच्या इमारतीत आहे तिथेच पूर्वी त्यांची गिरणी होती. "तू माझ्याच खात्यात कामाक जातंस," असं ते सगळ्यांना सांगायचे. आणि माझ्या टीम लीडरला जॉबर म्हणायचे. जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम. कामावर घेणार तोच, काढणार तोच. संध्याकाळी मी घरी आले की पहिला प्रश्न, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा, "काय गो, तुझो जॉबर काय म्हणता?"

तर मिठाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या जॉबरचा फोन आला. पोरगा वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला मऊ.

"मॅम, तुमच्या कॉल्सवर मागे कोणीतरी सतत भांडत असतं."

"भांडत नाहीत सर. ते आमचे सासरे. ते प्रेमाने बोलतात."

"मॅम, क्वालिटी टीमने तीन कॉल लाल केलेत. एका कॉलवर ते म्हणतायत की, मी वाचतो, 'ह्या बोंबलाचा डोक्या खंय गेला.' कस्टमर घाबरली, मॅम. तिला वाटलं तिच्या क्लेमबद्दल आहे."

टीममधली माणसं कमी करायचं चाललं होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तो पुढे म्हणाला, "शुक्रवारी दुपारी हेड ऑफिसची मॅडम तुमच्याबरोबर लाईव्ह बसणार आहे, व्हिडिओ चालू ठेवून. कॉल तुम्ही घ्यायचा, ती ऐकणार. त्यात आवाज आला ना, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

मग मी शांत जागा शोधायला निघाले, दहा बाय बाराच्या खोलीत. मोरीत बसून पाहिलं; तिथे प्रत्येक शब्दाला असा घुमारा यायचा की एका आजोबांनी मला विचारलं, बाई, तुम्ही विहिरीत पडला आहात का. गोधडीखाली बसून पाहिलं. तिथे दहा मिनिटांत मी आणि लॅपटॉप दोघं गरम होऊन बंद पडलो. शेवटी पोटमाळा मिळाला. पितळी पिंप, गणपतीचं मखर आणि जुन्या ट्रंका यांच्यामध्ये पालथं पडून मी काम करू लागले. माळ्यावरचा उन्हाळा असा, की खिशात ठेवलेलं ग्लुकोजचं बिस्किट पुन्हा एकदा भाजून निघायचं. छप्पर इतकं खाली की "नमस्कार" म्हणताना मान हलली तर कपाळ आपटे. दिवसाला साठ-सत्तर नमस्कार. माझ्या कपाळावर जे टेंगूळ होतं त्याला लोक कुंकू समजायचे.

तरीही सासरे ऐकू यायचेच. माळा म्हणजे काय, एक फळी.

शेवटी नवऱ्याने धीर केला. वडिलांच्या कानाशी जाऊन, पण जपून, म्हणाला, "बाबा, तुमच्या आवाजापायी तिची नोकरी जायची वेळ आलीये. शुक्रवारी तपासणी आहे. तेवढं जरा..."

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि तोंड मिटलं.

मिटलं ते मिटलंच. दुपार झाली, शब्द नाही. जेवले, शब्द नाही. चाळ हादरली. गॅलरीतून येणारे-जाणारे आमच्या दाराशी घुटमळू लागले. शेजारच्या वहिनी मास्क नाकावर चढवून उंबऱ्यापासून लांब उभ्या राहिल्या आणि सासूला म्हणाल्या, "बरे आहेत ना आजोबा? तसं काही लपवू नका हो, सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे." संध्याकाळपर्यंत तळमजल्यावर बातमी पोचली होती की या रोगात वास जातो, चव जाते आणि डिलाईल रोडला आवाजही जायला लागला आहे.

मला फार वाईट वाटत होतं. सासऱ्यांच्या आवाजाशिवाय ती खोली, गणपती उठल्यावर मखर राहतं तशी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माळ्यावर पालथी, साताऱ्याच्या एका बाईंना फॉर्म कसा भरायचा ते सांगत होते. बोलता बोलता फळीच्या कडेवरून सहज खाली पाहिलं आणि वाक्य तोंडातच राहिलं.

सासरे खिडकीजवळच्या खाटेवर बसले होते. सासू चुलीशी, पाठमोरी नाही, अर्धी वळून. त्यांचा उजवा हात वर आला. अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर घासली गेली. मग हात आडवा सरकला, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. ओठ हलत होते, आवाज नव्हता. सासूने चिमटा हवेत उडवला, कोपराने काहीतरी बाजूला सारलं आणि भुवया कपाळावर नेल्या. त्यावर त्यांनी छातीवर हात ठेवला. त्यावर तिने दोन्ही हात कमरेवर. मी बघत राहिले आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की हे दोघं भांडताहेत. साधंसुधं नाही. चांगलं मुरलेलं, जुनी मढी उकरणारं, नणंदेच्या लग्नातल्या मानपानापर्यंत जाणारं भांडण! भांडी होती, जाळ होता, माणसं होती, आणि आवाज तेवढा कोणीतरी काढून घेतला होता. मग सासऱ्यांनी दोन बोटांनी हवेत काहीतरी केलं, अगदी छोटं. सासू पदर तोंडात कोंबून हसायला लागली. हसण्याचाही आवाज नाही. तिचे खांदे हलत होते, आणि चुलीवरची आमटी उतू चालली होती.

"हॅलो? हॅलो मॅडम? आहात का?" साताऱ्याच्या बाई.

"आहे," मी म्हटलं. खरं तर मी कुठे होते मला ठाऊक नव्हतं. दहा वर्षं मी त्या घरात राहत होते. त्या दोघांमध्ये एक अख्खी भाषा आहे आणि ती मला कधी दिसलीच नाही, हे मला पचत नव्हतं.

शिफ्ट संपल्यावर मी खाली उतरले आणि सासूला धरलं. "आई, ते काय होतं?"

सासू लाजली. साठी उलटलेली बाई, नव्या नवरीसारखी पिठाच्या परातीत बघत राहिली. "काय नाय गो. ता गिरणीतला."

"गिरणीतलं काय?"

मग हळूहळू निघालं. साचे चालू असताना कोणाच्या घशाला काही किंमत नसे, म्हणून तिथे माणसं ओठांनी आणि हातांनी बोलत. बोटं घासली की धागा तुटला. हात आडवा सरकला की धोटा अडकला, म्हणजे आडवा धागा नेणारी ती लाकडी होडी. मूठ वर नेऊन खाली ओढली की भोंगा झाला, पाळी संपली. आणि मानेमागे थापटी मारली की जॉबर येतोय, सावध.

"पण तू कुठे गिरणीत होतीस?"

"मी खंय? मी ह्या खोलयेत होतंय." सासूने कणीक मळणं थांबवलं नाही. "लगीन होवन इलंय तेव्हा ह्या खोलीत चौदा माणसां होती. सासू, सासरे, दोन दीर, नणंद, गावसून इलेले बिऱ्हाडकरू. एक पाळी उठता, दुसरी त्याच हातरुणार निजता. घोवाबरोबर बोलाचा खंय? ह्यांनी माका आधी हात शिकवल्यानी, मगे मुंबय दाखवल्यानी."

मी तिथेच खाली बसले. चौदा माणसांच्या मधोमध या दोघांनी हवेत एक खोली बांधली होती, आणि तिला दार होतं, कडी होती. त्या खोलीत ती दोघं रुसली, हसली, पहिल्या मुलाची बातमी तिने त्याला तिथेच दिली, सगळे पानांवर बसलेले असताना. "मगे ह्यांनी काय केल्यानी माहित हा? भाताचो डोंगर केल्यानी नि तसेच बसान ऱ्हवले. सासू म्हणता, काय रे, जेवणस का नाय?" गिरणीचे शब्द घरात आणताना त्यांनी त्यांचे अर्थ थोडे वळवून घेतले होते. धागा तुटला म्हणजे मी रुसले आहे. धोटा अडकला म्हणजे तुझा स्वभाव आडमुठा आहे. भोंगा झाला म्हणजे पुरे आता, हसा.

"आणि जॉबर येतोय?"

सासूने दाराकडे बघून घेतलं. तिची सासू जाऊन किती वर्षं झाली होती, तरी बघून घेतलं. "सासू येता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात शाळा भरली. सासरे मास्तर. माझ्या कामाच्या वेळात कोणी तोंड उघडायचं नाही, सगळं हातांनी. मुलीने तर दोन दिवसांत भाषा गिळली आणि वर स्वतःचे शब्द घातले. वायफाय गेलं यासाठी तिने जी खूण काढली ती धागा तुटल्याचीच, पण डोळे पांढरे करून. नवरा मिठाला खूण कोणती असा घोळ घालत बसला, तर सासऱ्यांनी जीभ बाहेर काढून दाखवली. सासू उजव्या हाताने पोळ्या लाटायची आणि डाव्या हाताने सासऱ्यांशी वाद घालायची. माळ्यावरून खाली पाहिलं की मला माशांच्या टाकीत बघितल्यासारखं वाटे. आमच्या खोलीत अशी शांतता पसरली की भिंतीवरची पाल चुकचुकायची असली तर आधी गॅलरीत जाऊन चुकचुकून येई.

पण चाळ एवढीच नव्हती ना. आम्ही गप्प झालो तशी बाकीची चाळ मला जास्तच ऐकू यायला लागली. वर मिक्सर, खाली कुकर, शेजारी टीव्हीवर पुराणातली युद्धं, गॅलरीत पोरांचं क्रिकेट, आणि रस्त्यावर 'घरातच राहा' असं अख्ख्या वस्तीला बाहेर येऊन ऐकायला लावणारी रिक्षा. चाळीला कोण गप्प करणार? मी शुक्रवारची वाट बघत होते आणि रोज थोडी थोडी नोकरी सोडत होते.

शुक्रवार उजाडला. व्हिडिओसाठी माळा चालणार नव्हता, तिथे मी भुतासारखी दिसायचे. म्हणून खिडकीशी पिंपावर पाट ठेवून लॅपटॉप मांडला. मागचं धूसर करायचं बटण होतं, पण ते दाबलं की आमच्या लॅपटॉपवर माझा डावा कान जायचा. त्यामुळे पडद्यावरच्या माझ्या चौकोनात, माझ्या मागे अख्खं घर रांगेने बसलेलं दिसत होतं, शाळेच्या फोटोसारखं. सासरे माझ्या बाजूलाच, खाटेवर. पडदा त्यांना तिरका पण स्पष्ट दिसत होता.

आणि इथेच गफलत झाली. मी घरात सांगितलं होतं की तपासायला हेड ऑफिसचं माणूस येणार. व्हिडिओवर येणार, हे सगळ्यांना कळलं होतं. सासऱ्यांना मात्र 'तपासायला येणार' एवढंच ऐकू आलं होतं. पडद्यावर ती मॅडम आली तेव्हा त्यांनी तिला माझ्यासारखीच एक कामगार समजलं. हेडफोन लावलेली, दमलेली, तिच्या मागे तिच्याही घरचे वाळत घातलेले कपडे. साहेब अजून यायचा आहे, जिन्याने येईल, असं धरून ते दाराकडे एक डोळा ठेवून बसले होते.

कॉल लागला. एक बाई. आवाज इतका बारीक की आधी मला लाईनच खराब वाटली.

"ताई... मी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये आहे. मोठ्याने बोलता येत नाही."

"बोला काकू. मी ऐकतेय."

"मिस्टरांना आत नेलंय. मला सोडत नाहीत. कागद..." आणि पुढचं सगळं वरच्या मिक्सरने दळून टाकलं.

"काकू, पुन्हा सांगता?"

"कागद घरी राहिले. घरी जाऊ देत..." शेजारच्या टीव्हीवर कोणीतरी शंख फुंकला.

पडद्यावर मॅडम खाली बघून काहीतरी टिपत होती. तिच्या कपाळाला आठी पडली. तिसऱ्यांदा पुन्हा सांगा म्हणायचं कसं? ती बाई रडत होती की श्वास घेत होती तेही मला कळत नव्हतं. मला दिसत होतं की आता माझी नोकरी जाणार, आणि ती जाताना या बाईचंही काही ऐकून न घेता जाणार.

तेवढ्यात मॅडमने हात मानेमागे नेला आणि दोनदा थापटी मारली.

सासरे विजेसारखे उठले. माझ्या चौकोनात मला दिसलं, त्यांनी आधी मागे वळून आपल्या मानेवर थाप मारली. आमचं घर एका क्षणात कामाला लागलं. सासूने केरसुणी उचलली आणि हवेतच, जमिनीला न लावता, झाडायला लागली. नवऱ्याने कोथिंबीर निवडली, निवडलेली पुन्हा निवडली. मुलीने भूगोलाचं पुस्तक उघडून उलटं धरलं. सासरे मात्र थांबले नाहीत. ते गॅलरीत गेले, कठड्याशी उभे राहिले, आणि हात उंच नेऊन समोरच्या इमारतीला दिसेल अशी मानेमागे थाप मारली.

आता मी जे सांगणार आहे ते खोटं वाटेल. मला ज्यांनी आधीचं सगळं ऐकून खोटं म्हटलं त्यांना हेही म्हणू दे. पण हे मी माझ्या डोळ्यांनी, खिडकीच्या गजांतून पाहिलं.

लॉकडाऊनमध्ये दुपारी चाळीतली म्हातारी माणसं गॅलरीत स्टुलं टाकून, एकमेकांपासून लांब लांब बसत. समोरच्या दुसऱ्या मजल्यावर, निळं तोरण लावलेल्या दाराशी, सासऱ्यांच्याच गिरणीतले एक आजोबा होते. ते सूतखात्यातले; साचेखात्यात त्यांच्या लोकांना कोणी घेत नसे, ती त्या काळाच्या शिवाशिवीची घाण. खाती वेगळी ठेवली होती, पण जॉबरची भीती सगळ्या खात्यांत एकच होती. त्या आजोबांनी सासऱ्यांचा हात पाहिला आणि त्यांचा हात आपोआप मानेमागे गेला. त्यांच्यावरच्या मजल्यावरच्या आजींनी, ज्या कांड्या भरायच्या खात्यात होत्या, तो पाहिला. मग तळमजल्यावरचे. मग आमच्याच बाजूचे, कोपऱ्यातल्या खोलीतले. हात वर जात होते, मानेवर पडत होते, एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत. थरथरणारे, पिळवटलेले, बोटं कमी असलेले हात. गिरणी पाडून किती वर्षं झाली होती. तिच्या जागी काच उभी होती. जॉबर सगळे देवाघरी होते. पण हातांना कोणी कळवलंच नव्हतं!

आणि म्हाताऱ्यांनी आत वळून घरच्यांना जे काही डोळ्यांनी सांगितलं असेल ते असो. वरचा मिक्सर थांबला. टीव्हीवरचं युद्ध ऐन बाणाला थांबलं. कुकरची शिट्टी कोणीतरी चिमट्याने उचलून धरली असणार, कारण ती सुरू होऊन अर्ध्यातच गिळली गेली. क्रिकेटचा बॉल टप्पा पडून उडाला आणि कोणीतरी तो झेलून छातीशी धरला. रस्त्यावरची रिक्षा कोपऱ्यावर वळताना चाळीकडे बघून बावचळली आणि भोंगा बंद करून पुढे गेली. त्या चाळीत मी बारसं पाहिलं होतं, मयत पाहिलं होतं, अशी शांतता पाहिली नव्हती. मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. माझं घड्याळ बंद होतं, ते कदाचित परळमधलं कोणाचं असेल.

त्या शांततेत हेडफोनमधून ती बाई ऐकू आली. तिचा श्वाससुद्धा.

"कागद नसले तर त्यांना ठेवतील ना, ताई?"

"ठेवतील, काकू. आत्ता कागद लागत नाहीत. हॉस्पिटलचं नाव आणि त्यांचं पूर्ण नाव सांगा, मी इथून नोंद करते आणि तिथल्या काउंटरला कळवते. तुम्ही घरी जायचं नाही. तिथेच थांबा, त्यांच्या दाराशी."

तिने नाव सांगितलं. कुजबुजत, एकेक अक्षर. मला प्रत्येक अक्षर ऐकू आलं. मी नोंद केली, काउंटरला कळवलं, तिला पुन्हा लाईनवर घेऊन सांगितलं की झालं. ती म्हणाली, "तुमच्याकडे किती शांत आहे हो. देवळात बसलाय का?"

"नाही काकू. घरी आहे."

कॉल संपला. मॅडमने वर पाहिलं. "मॅम, आय थॉट माझा हेडसेटच गेला. मध्येच एकदम झिरो. मी दोनदा काढून घातला. कुठे आहात तुम्ही, बंगल्यात वगैरे?"

"डिलाईल रोडला."

"ग्रेट. सुरुवातीला थोडं होतं, पण त्यानंतर आवाज काहीच नाही. मी क्लिअर करतेय." मग तिने तोंड वाकडं करून मानेमागे पुन्हा हात नेला, थापटला आणि चोळला. "सॉरी हां. खुर्ची नाहीये घरी, बेडवर बसून काम. सकाळपासून मान धरलीये."

नुकतेच आत येऊन खाटेवर टेकलेल्या सासऱ्यांनी ती दुसरी थापटी पाहिली. झालं. ते पुन्हा गॅलरीत. पुन्हा समोरचे आजोबा, पुन्हा आजी, पुन्हा तळमजला. नुकता श्वास सोडून मिक्सरकडे निघालेली चाळ जागच्या जागी थिजली. मॅडम निघून गेली, लॅपटॉप मी मिटला, तरी बाहेर सगळे मान खाली घालून कामात असल्यासारखे उभे होते. सासू अजून हवेतच झाडत होती.

मी हेडफोन काढले. "राहिली," नवऱ्याला म्हटलं. त्याने कोथिंबिरीची जुडी तशीच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मग मूठ वर नेली आणि खाली ओढली. भोंगा झाला. पाळी संपली. माझे डोळे भरून आले आणि मला एकदम खूप मोठ्याने हसूही आलं.

सासरे गॅलरीतून आत आले. इतक्या दिवसांचा साठलेला आवाज त्यांनी एकदम सोडला, आणि चिंचपोकळीची कबुतरं उठली. "खंय हा तो? इलोच नाय! जॉबर इलोच नाय!"

मी त्यांच्या कानाशी गेले. "बाबा, जॉबर कोणी नव्हतं. ती पडद्यावरची बाई होती ना, तीच मोठी साहेब. तिने तुम्हाला खूण नव्हती केली. तिची मान दुखत होती."

खिडकीबाहेर अख्खी चाळ अजून गप्प उभी होती. सासऱ्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मिटलेल्या लॅपटॉपकडे. मग खाटेवर बसले, पाय वर घेतले.

"मगे बाम लाव म्हणान सांग तिका."